राजारामपुरी, सागरमाळ, टेंबलाई : अर्ध्या दिवसाची रिक्षा

घरात वयस्कर माणूस असेल आणि त्याला कोल्हापूरची चढावरची बाजू निवांत दाखवायची असेल, तर सरळ रिक्षा ठरवा. कारमध्ये काचा वर आणि एसी चालू, मग झाडाखालून गेलो काय आणि भिंतीकडेनं गेलो काय, सारखंच. आम्ही राजारामपुरीतल्या स्टँडवरच्या एका मामांची रिक्षा घेतली. माझी आत्या सोबत होती, तिला आता जिने जमत नाहीत. रिक्षा बघूनच ती खूश झाली. काचेवर जोतिबा, आत पितळी कठडा चकचकीत, सीटला धुतलेली पांढरी कव्हरं. आपल्याकडं रिक्षा नटवायची हौस दांडगी, पण हे मामा गाडी चालवतातही तितक्याच निगुतीनं. प्रत्येक स्पीडब्रेकरला मागं बघून, "आत्या, धरून बसा हं."

राजारामपुरीत पत्ता अजून गल्लीच्या नंबरावरच सांगतात. आत्याचं माहेर इथलंच. वि. स. खांडेकर राजारामपुरीतच राहायचे. "त्या घरावरनं जाताना आम्ही पोरी आवाज बारीक करत होतो," ती म्हणाली. ज्ञानपीठ मिळालेले ते पहिले मराठी लेखक, पण या पोरींना तो दरारा त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. मामांनी तिथं रिक्षा कडेला घेतली आणि इंजिन बंद करून गप्प बसले. घाई केली नाही, मीटरकडं बघितलं नाही. मला या सेवेतलं सगळ्यात जास्त आवडलं ते हे.

मग सायबर चौकातून चढ सुरू झाला आणि आत्याची जीभ सुटली. विद्यापीठाच्या आवारात आज करंज, गुलमोहर, कडुनिंब, मधूनच मोराची हाक. ८५३ एकरांचा हा सागरमाळ तिनं बोडका पाहिलाय. "नुसती कुसळं. शेळ्या सोडल्या तरी उपाशी परत येत होत्या." १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, स्वतः इतिहासकार. या खडकावर झाडं जगवायची तर आधी पाणी अडवणं भाग होतं. आवारातली तळी आणि त्यांच्याकडं पावसाचं पाणी वळवणारे चर बघितले की ती मेहनत कळते. मुख्य इमारतीसमोरच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ थांबलो. १९७४ चा हा पुतळा कोल्हापूरकरांनी हजारदा पाहिलेला असतो, पण मामांनी उन्हाची तिरीप बघून रिक्षा अशी लावली की आत्याला आतूनच पूर्ण घोडा दिसला.

खाली उतरताना मामांनी एक गोष्ट सांगितली, ती मला पटली. जुनं गाव नदीच्या अंगानं वाढलं, कारण पाणी तिथं. माळावर कोण जाणार? पण २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागं टाकली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क पाण्यात गेलं, तेव्हा खालचे पाहुणे चढावरच्या घरांत येऊन राहिले. ज्या खडकाला लोक नाकं मुरडत होते, त्यानंच माणसं सांभाळली. माळावर एखादं जुनं झाड तोडलं की माझ्या पोटात तुटतं, ते यासाठीच.

टेंबलाईवर, म्हणजे त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर, रिक्षा थेट वर जाते, पायऱ्यांची काळजी नको. कोल्हासुराच्या युद्धानंतर मानपानावरून त्र्यंबोली रुसली आणि अंबाबाईकडं पाठ करून टेकडीवर येऊन बसली, असं सांगतात. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला इथवर येते आणि कोहळा फोडतात. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी घागरीतून आणून इथं घालतात, सोबत ‘पी ढबाक’ या वाजंत्रीचा दणका. आत्यानं हात जोडून देवीशी बराच वेळ काय ते बोलून घेतलं. हवा स्वच्छ होती, जोतिबाचा डोंगर दिसत होता.

आता खटकलेलं. परतीला मामांनी गाणी लावली, आणि मागचा स्पीकर नेमका आत्याच्या कानाशी. सांगितल्यावर लगेच बंद केला, पण निघतानाच विचारायला हवं होतं. रिक्षात पाण्याची सोय नाही. दर कुठं लिहिलेला नाही, तोंडी ठरतो. आमचे ७०० रुपये झाले, थांबण्याचे वेगळे घेतले नाहीत. मला ते रास्त वाटले.

सकाळी सातच्या आत निघा. दहानंतर सायबर चौकात वाहनं तुंबतात. आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी टेंबलाईवर यात्रेची गर्दी असते, गुडघे दुखणाऱ्यांनी ते दिवस सोडावेत. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय विद्यापीठाच्या आवारातच आहे. ते बघायचं असेल तर मामांना आधी सांगा, म्हणजे ते उघडायच्या वेळेनुसार फेरी उलटी, टेंबलाईपासून सुरू करतात.