मोठ्या देणग्यांचं प्रशिक्षण: अकरा महिने वापरल्यानंतर

आमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवते. दिवाळीच्या आगेमागे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ते मार्च-एप्रिलला परत येतात. तेवढे महिने ६४ मुलं आमच्याकडे राहून गावातल्या शाळेत जातात. वर्षाचा खर्च ३१ लाख. त्यातले १९ लाख एकाच कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून यायचे. दोन वर्षांपूर्वी ऐन ऑगस्टमध्ये धोरण बदलल्याचा चार ओळींचा ईमेल आला आणि पैसे थांबले. त्या हंगामात किराणा दुकानदाराने चार महिने उधारीवर धान्य दिलं, म्हणून मुलं जेवली. संस्थेची कार्यवाह म्हणून ते चार महिने मी कधीच विसरणार नाही.

त्यानंतर मोठ्या देणग्या कशा मिळवायच्या हे शिकवणारं, संस्थाप्रमुखांसाठीचं सहा महिन्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण मी घेतलं. फी ४० हजार. कार्यकारिणीत त्यावरून वाद झाला. एवढ्यात दोन महिन्यांचा भाजीपाला येतो, असं एक सदस्य म्हणाले, आणि ते खरंच होतं. प्रशिक्षण संपून आता पाच महिने झालेत, म्हणजे ही पद्धत मी एकूण अकरा महिने वापरतेय.

पहिल्या आठवड्यात मी जिल्ह्यातल्या बिल्डर, डॉक्टर, कारखानदारांची यादी करून दाखवली होती. मार्गदर्शक ताईंनी ती बाजूला ठेवायला सांगितली आणि सात वर्षांची पावतीपुस्तकं काढायला लावली. आमची ४१२ देणगीदारांची नावं निघाली. त्यातले न मागता सलग तीन वर्षं देणारे किती? ३८. रक्कम कुणाची हजार, कुणाची पाच हजार. या ३८ जणांपैकी एकालाही पावती आणि दिवाळीचं पत्र यापलीकडे आम्ही काही पाठवलं नव्हतं. फोनसुद्धा केला नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. फीचे पैसे तिथेच वसूल झाले, असं मी आजही मानते.

‘मोठी देणगी’ म्हणजे किती, हे प्रत्येक संस्थेने आपल्यापुरतं ठरवायचं होतं. आम्ही ५० हजार ठरवले.

त्या ३८ मध्ये कोथरूडचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. सात वर्षं दर जूनमध्ये पाच हजारांचा चेक. पहिल्या भेटीत पैशांचा विषय काढायचा नाही, असा ताईंचा दंडक होता. मी मुलांच्या वह्या घेऊन गेले. काकांनी एक वही बराच वेळ चाळली आणि विचारलं, “रात्री एखादं मूल आजारी पडलं तर उठतं कोण?” मी आमच्या वॉर्डन मावशींबद्दल सांगितलं. गेल्या डिसेंबरमध्ये पहाटे तीनला तापाने फणफणलेल्या मुलाला त्यांनी जीप थांबवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. काका स्वतः वसतिगृहात राहून शिकलेले, हे मला तेव्हा कळलं. नंतर ते एकदा वसतिगृहात येऊन गेले, मावशींशी बोलले.

तिसऱ्या भेटीत मी मागितलं. मावशींचा पगार महिना १४ हजार, वर्षाचे १ लाख ६८ हजार, तीन वर्षांसाठी. मागून झालं की गप्प बसायचं, हे शिकवलेलं होतं. पूर्वी मी लगेच “नाहीतर जमेल तेवढं द्या” म्हणून मोकळी व्हायचे. या वेळी बसून राहिले. पंख्याचा आवाज येत होता. काका उठून आत गेले, काकूंशी काहीतरी बोलले, बाहेर येऊन म्हणाले, “तिसऱ्या वर्षी मी ८१ चा असेन. दोन वर्षांचं मी देतो, तिसऱ्याचं मुलाशी बोलून सांगतो.” पाटी नको, म्हणाले. मुलाचा होकार पंधरा दिवसांनी आला.

पगारासाठी कुणी देणगी देत नाही, ही आमची पक्की समजूत होती. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं पाण्याची टाकी नाहीतर सोलरचे पॅनल मागायचो. माणूस कामावर टिकला तरच वसतिगृह टिकतं, हे समोरच्याला कळतं. आपण ते त्याच्यापुढे कधी मांडतच नाही.

आता उणिवा. उदाहरणं जवळपास सगळी अमेरिकेतली. मृत्युपत्रातली देणगी, शेअर देणं, यावर दोन सत्रं गेली. आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये १५ लाख रुपये दिले, त्यांच्या आईंचं नाव आजही विद्यापीठाला आहे. असं उदाहरण घरात असताना ते शिकवायला हवं होतं.

त्याहून मोठी उणीव कागदपत्रांची. नव्या कर प्रणालीत देणगीवरची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही, म्हणजे “सवलत मिळेल” या वाक्यावर आता कित्येकांपुढे काही चालत नाही. प्रशिक्षणात मात्र तेच वाक्य शिकवत होते. संस्थेने मिळालेल्या देणग्यांचं १०बीडी विवरणपत्र आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचं, त्यावरूनच देणगीदाराला सवलतीसाठीचं १०बीई प्रमाणपत्र मिळतं, उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये भरावे लागतात, याचा उल्लेखही नव्हता. मोठ्या देणगीदाराचा पॅन चुकला तर वर्षभर जपलेलं नातं एका कागदाने बिघडतं. आमच्या सीएंनी वेळीच सावध केलं. परदेशातल्या देणग्यांचंही तसंच. एका देणगीदाराचा भाचा न्यू जर्सीत, अमेरिकेचा नागरिक. दोन लाख द्यायला तयार होता. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी आमच्याकडे नाही, त्यामुळे नाही म्हणावं लागलं. त्याचा सिंगापूरचा मित्र भारतीय पासपोर्टवर आहे. त्याने स्वतःच्या बचतीतून एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) बँक खात्यावरून पाठवलेले पैसे मात्र आम्ही पासपोर्टची प्रत घेऊन स्वीकारले. हा फरक पहिल्याच महिन्यात सांगायला हवा.

सोबत दिलेलं सॉफ्टवेअर आम्ही दोन महिन्यांत सोडलं. दोनशे पानी वही पुरते. एका माणसाला एक पान, भेटीची तारीख, तो काय म्हणाला, पुढचं बोलणं कधी.

वेळ फार जातो, हे आधी माहीत असावं. आठवड्याचे दोन दिवस मी प्रवासात असते. तेवढी वसतिगृहाची जबाबदारी सहकाऱ्याने उचलली नसती तर हे जमलंच नसतं. सात विश्वस्तांनी प्रत्येकी तीन नावं घ्यायची ठरली होती, चौघांनी घेतली.

अकरा महिन्यांत २१ जणांकडे मागितलं. नऊ जणांनी ५० हजार किंवा जास्त दिले, पाच जण नाही म्हणाले, सात जणांचं बोलणं चालू आहे. जमले ११ लाख ४० हजार. नऊपैकी चौघांनी पुढच्या वर्षांचंही लेखी दिलंय. १९ लाखांचं खिंडार अजून भरलेलं नाही, पण हा पैसा एका ईमेलने थांबणारा नाही. नाही म्हणालेल्या पाचांपैकी दोघं जण मुलांना भेटायला येऊन गेले.

ज्यांना पुढच्या महिन्याचे पगार भागवायचे आहेत त्यांनी हे घेऊ नये. पहिली देणगी यायला आम्हाला पाच महिने लागले. ज्यांच्याकडे आठ-दहा वर्षांची पावतीपुस्तकं कपाटात पडून आहेत त्यांनी जरूर घ्यावं. पुढच्या तुकडीत आमचे दोन विश्वस्त बसणार आहेत. त्यांची फी कार्यकारिणीने या वेळी एकमताने मंजूर केली.