विलिंगहॅम आणि वाइस : कोचला नारळ देण्याआधी

अमेरिकेत शिकून आलेल्या कितीतरी मराठी मुलांचा जीव अजून आपल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये अडकलेला असतो. टीम ओळीने ३ मॅच हरली की माजी विद्यार्थ्यांत ‘कोचला हाकला’ सुरू होतं. त्या ओरड्यात सामील व्हायचं की नाही हे ठरवण्याआधी नोटर डेम विद्यापीठाचे दोन कोच शेजारी शेजारी ठेवून बघा.

टायरोन विलिंगहॅम, २००२ ते २००४ : २१ विजय, १५ पराभव. चार्ली वाइस, २००५ पासूनची पहिली ३ वर्षं : २२ विजय, १५ पराभव. फरक एका मॅचचा. विलिंगहॅमना तिथेच नारळ मिळाला, वाइसना आणखी २ वर्षं मिळाली.

वाइसचं वजन कुठून आलं? १५ ऑक्टोबर २००५ची मॅच आठवा. समोर अव्वल क्रमांकाची यूएससी, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची टीम. शेवटची काही सेकंद, चेंडू गोललाइनपासून जेमतेम यार्डभर. यूएससीचा मॅट लायनार्ट चेंडू घेऊन घुसतो, अडतो, गर्रकन वळतो आणि मागून त्याचा साथीदार रेजी बुश त्याला ढकलून आत घालतो. ३४-३१. नोटर डेम हरली, पण असं लढून हरली की दोनच आठवड्यांत वाइसचा करार थेट २०१५पर्यंत वाढला. पहिला सीझनही संपला नव्हता!

पण त्या टीमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा सूत्रधार) ब्रेडी क्विन आणि रिसीव्हर (तो झेलणारा) जेफ समार्डझिया आले होते विलिंगहॅमच्या काळात. क्विनला वाइसनी घडवलं, ते श्रेय त्यांचंच; तरी पीठ आयतं होतं. २००७मध्ये क्विनची बॅच गेली आणि वाइसची टीम १२पैकी ९ मॅच हरली. ज्या नेव्हीला, म्हणजे अमेरिकी नौदल अकादमीच्या टीमला, ओळीने ४३ वेळा हरवलं होतं, तिच्याकडूनही.

विलिंगहॅमची बाजूही निखळ नाही. यूएससीकडून तिन्ही वर्षं बरोबर ३१ गुणांनी मार खाल्ला. त्यांच्या अखेरच्या काळातली नव्या खेळाडूंची भरती कमी पडली आणि तिची झळ २००७च्या टीमला बसली, यात तथ्य आहे. तरीही त्यांच्याआधी जेरी फॉस्ट आणि बॉब डेव्ही यांना पाच-पाच वर्षं मिळाली होती. विलिंगहॅम तिथले पहिले कृष्णवर्णीय फुटबॉल कोच, आणि त्यांनाच ३ वर्षांत घरी पाठवलं. कारण रंगच होता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण हा प्रश्न बाजूला सारणंही मला पटत नाही. करार लांबवलेला असल्यामुळे वाइसना निरोप देताना विद्यापीठाला जवळपास १.९ कोटी डॉलर मोजावे लागले. कोणी तुपाशी, कोणी उपाशी.

म्हणून माझा कौल असा : कोचने स्वतः भरती केलेली पहिली बॅच शेवटच्या वर्षाला येईपर्यंत, म्हणजे निदान ४ वर्षं, निकाल राखून ठेवा. खेळाडूंचा छळ होत असेल तर मात्र एक आठवडाही थांबू नका.

४ वर्षं फार वाटत असतील तर व्हर्जिनिया टेकच्या फ्रँक बीमरकडे बघा. पहिल्या ६ वर्षांत २४ विजय, ४० पराभव, २ बरोबरी; १९९२मध्ये तर जेमतेम २ मॅच जिंकल्या. विद्यापीठाने काही सहाय्यक कोच बदलायला लावले, बीमरना ठेवलं. पुढच्या वर्षी टीम बोल गेमला (सीझनअखेर चांगल्या टीमना मिळणाऱ्या मानाच्या मॅचला) पोहोचली, आणि २०१५मध्ये ते निवृत्त होईपर्यंत सलग २३ वर्षं पोहोचत राहिली.