चार नळ्या, सहा की आठ? वॉर थंडरमधली हलकी शस्त्रं निवडताना

वॉर थंडर या ऑनलाइन युद्धाच्या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीचं लढाऊ विमान घेताना बहुतेक जण बंदुकांच्या नळ्या मोजतात. मोजायचे ते सेकंद. एका बंदुकीच्या गोळ्यांना तिच्या मिनिटाच्या वेगाने भागा आणि ६० ने गुणा. ट्रिगर दाबून धरला तर किती वेळात हात रिकामे होतील ते कळतं. रिअलिस्टिक बॅटल या खेळप्रकारात गोळ्या हवेत भरून मिळत नाहीत, तळावर उतरावं लागतं. म्हणून हाच आकडा आधी बघा.

वाइल्डकॅट या अमेरिकी लढाऊ विमानाच्या दोन आवृत्त्यांत हा फरक लख्ख दिसतो. एफ४एफ-३ वर १२.७ मि.मी.च्या चार ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकीला ४५० गोळ्या. एफ४एफ-४ वर त्याच जातीच्या सहा, पण प्रत्येकीला फक्त २४०. म्हणजे दोन नळ्या वाढल्या आणि एकूण गोळ्या १८०० वरून १४४० वर आल्या. मिनिटाला साधारण ८०० चा वेग धरला, तर पहिलीकडे जवळपास ३४ सेकंद आहेत, दुसरीकडे १८. बदल्यात सहा नळ्यांतून सेकंदाला ५३ ऐवजी ८० गोळ्या जातात. शत्रू क्षणभरच समोरून सरकत असेल तेव्हा हे उपयोगी. शिवाय एफ४एफ-४ वजनाने जड, त्यामुळे वर चढायला मंद. नेम अजून बसत नसेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: चार नळ्यांचं घ्या. चुकायला आणि चूक दुरुस्त करायला जवळपास दुप्पट वेळ मिळतो.

हरिकेन एमके १ या ब्रिटिश लढाऊ विमानावर ७.७ मि.मी.च्या आठ ब्राउनिंग. सेकंदाला दीडशेच्या आसपास गोळ्या, पण सतरा-अठरा सेकंदांत खेळ संपतो आणि एकेक गोळी हलकी. तीनशे मीटरच्या पलीकडून मारलं तर पंखांवर नुसती भोकं पडतात, विमान उडतच राहतं. दीड-दोनशे मीटरवर जाऊन इंजिन, रेडिएटर किंवा कॉकपिटवर मारा, तर हीच बंदूक घातक ठरते. दोन गोष्टी टाळा: समोरासमोर गोळीबार करत भिडणं आणि बॉम्बरच्या शेपटीमागे सरळ रेषेत चिकटून राहणं. दुसऱ्या चुकीत तुमची बारीक गोळी त्याला पाडण्याआधी त्याचा तोफची तुमचं इंजिन फोडतो.

बीएफ १०९ ई-३ या जर्मन लढाऊ विमानाचा हिशेब वेगळाच. पंखांत २० मि.मी.च्या दोन तोफा, प्रत्येकी ६० गोळे: जेमतेम सात सेकंद. नाकावर ७.९२ च्या दोन मशीनगन, प्रत्येकी १००० गोळ्या. सगळं एकाच बटणावर ठेवलं तर पहिल्याच झटापटीत तोफा रिकाम्या होतात आणि उरलेली लढाई दोन बारीक बंदुकांवर लढावी लागते. कंट्रोल्समध्ये तोफा आणि मशीनगन यांची बटणं वेगळी करा. मशीनगनने अंतराचा अंदाज घ्या, गोळी लागताना दिसली की अर्ध्या सेकंदाची तोफ. मात्र तोफेचा गोळा संथ असतो आणि जास्त खाली पडतो, म्हणून मशीनगनची गोळी लागली त्याच जागी तोफेचा गोळा लागेल असं धरू नका. वळणाऱ्या शत्रूच्या थोडं आणखी पुढे मारा.

पंखांतल्या बंदुकांसाठी कन्व्हर्जन्स, म्हणजे गोळ्यांच्या रेषा एकत्र येतात ते अंतर, ठरवावं लागतं. ७.७ साठी २०० ते २५०, १२.७ साठी ३०० ते ३५० मीटर ठेवा. जास्त ठेवलं तर जवळ गेल्यावर गोळ्या शत्रूच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. नाकावरच्या बंदुकांना डावी-उजवीकडची ही अडचण नाही.

बेल्टचं, म्हणजे बंदुकीत भरायच्या गोळ्यांच्या माळेचं, थोडक्यात: शिकताना ट्रेसरचा, म्हणजे उजळत जाऊन आपली वाट दाखवणाऱ्या गोळ्यांचा. स्टेल्थ बेल्टमध्ये ट्रेसर नसल्याने शत्रूला मारा उशिरा कळतो, पण आपली गोळी कुठे चुकली हे आपल्यालाही कळत नाही.

विमानाच्या सुधारणांमध्ये, म्हणजे मॉडिफिकेशनमध्ये, नव्या बंदुकांचं मॉडिफिकेशन लवकर घ्या. जुन्या नळ्यांचा फैलाव जास्त असतो, आणि लांब फैर झाडली की त्या तापतात, गोळ्या आणखी विखुरतात, शेवटी बंदूक जॅम होते. एकेक सेकंदाच्या फैरी आणि मध्ये श्वासभर विश्रांती, इतकं पाळलं तरी पुरतं. विमानावर खेळातले पॉइंट खर्च करण्याआधी टेस्ट फ्लाइट घ्या, जमिनीवरच्या लक्ष्यावर २०० मीटरवरून एक आणि ५०० वरून एक अशा दोन फैरी झाडा, आणि दोन्ही वेळा गोळ्यांचा पसारा किती रुंद पडतो ते बघा.