कथेतील काळ शिकवणारी कार्यशाळा: पहिला दिवस भरीव, दुसरा पातळ

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका खासगी लेखनवर्गाने शनिवार-रविवारी घेतलेली ‘कथेतील काळ’ ही कार्यशाळा हौशी लेखकांनी पैसे मोजून करावी अशी आहे. मात्र तिचा दुसरा दिवस पहिल्याच्या तोडीचा नव्हता.

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये मांडलेली क्रम (घटना कोणत्या ओळीने सांगायच्या), अवधी (कशाला किती जागा द्यायची) आणि वारंवारता (एखादी गोष्ट किती वेळा सांगायची) ही त्रयी पहिल्या दिवसाचा पाया होती. अशा सुरुवातीने वर्गाला डुलक्या लागायच्या. पण मार्गदर्शकांनी लगेच खासबाग मैदानातली कुस्ती लिहायला दिली. पैलवानाची तालमीतली सारी वर्षे एका वाक्यात आणि ढाक हा चितपट करणारा डाव लागण्याआधीचे काही क्षण पानभर, अशी अट होती. बहुतेकांनी डावांची नावे ओळीने लिहून काढली. त्याने पान भरले, क्षण मात्र लांबला नाही. हातात चोळलेली माती, घामाने निसटणारी पकड, समोरच्याच्या पायाचा बदललेला रोख असे तपशील वाचनात आले, तेव्हा कुठे तो ताणला गेला.

वारंवारतेचे विवेचन तर फारच नेमके होते. ‘आजोबा पहाटे पंचगंगेवर जात, परतताना गंगावेशीत धारोष्ण दूध पीत’ या एका वाक्यात असंख्य पहाटा मावतात आणि पुढच्याच ‘त्या दिवशी ते गेले नाहीत’ या वाक्याने कथा सुरू होते. ‘जात’, ‘पीत’ अशा रीतिभूतकाळाची ही सोय मराठीत आयती असताना आपले नवे कथाकार तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हे माझे जुनेच गाऱ्हाणे आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’चा (१९५९) दाखलाही चपखल होता: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून सांगू लागतात, तेव्हा घडून गेलेली गोष्ट पुन्हा सांगितली जाऊनही शिळी होत नाही.

रविवारी फ्लॅशबॅक हा विषय होता आणि तिथे गाडी चित्रपटांच्या उदाहरणांवर घसरली. पडद्यावर दृश्य बदलले की काम भागते. गद्यात मात्र पहिल्या दोन-तीन वाक्यांत ‘गेला होता’, ‘म्हणाली होती’ असे सांगून मग साध्या भूतकाळात उतरावे लागते, आणि परतीची वाटही वाक्यातूनच काढावी लागते. याबद्दल अवाक्षरही निघाले नाही. टिपणांच्या झेरॉक्स प्रतीही पुसट होत्या.

शुल्क चहा-नाश्ता धरून वाजवी आहे. ज्यांची कथा लिहून झाली आहे पण मध्येच रेंगाळते, त्यांनी फक्त शनिवारचा प्रवेश मागावा. आयोजक तशी मुभा देतात.