कॅलिफोर्नियातलं ऑनलाइन कम्युनिटी कॉलेज: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) ऑनलाइन अकाउंटिंगची दोन सेमिस्टर झाली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. फी परवडते. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटमागे (क्रेडिटमागे) ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला. डिपेंडंट व्हिसावर असाल तर तुम्हाला रहिवासी धरतात का, हे आधीच विचारून घ्या. नाहीतर फी कितीतरी पटींनी वाढते.

वेळेची मोकळीक खरी आहे. लेक्चर रेकॉर्ड केलेली, बाकी सगळं कॅनव्हास या कॉलेजच्या अभ्यासाच्या वेबसाइटवर. मुलगी झोपली की मी अभ्यासाला बसते. माझ्या ग्रुपमधली मेक्सिकन घरातली मुलगी गोदामातली रात्रपाळी संपवून सकाळी क्विझ सोडवते. कॉलेजात जाणारी ती घरातली पहिलीच. रोज वर्गात हजर राहा म्हटलं असतं तर तिला जमलंच नसतं.

पण अडलं की विचारायचं कुणाला? पहिल्या कोर्सचे प्रोफेसर ई-मेलला दोन-तीन दिवस उत्तर देत नसत, आणि डेडलाइन रविवारी रात्री ११:५९ ची. मला ताळेबंद समजावणारं माणूस घरात आहे. त्या मेक्सिकन मुलीकडे इंटरनेटसुद्धा फोनचंच. डी शू आणि शॅना जॅगर्स या संशोधकांनी वॉशिंग्टन राज्यातल्या ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल तपासून २०१४ मध्ये मांडलं, की ऑनलाइनमध्ये निकाल सगळ्यांचेच घसरतात, पण कृष्णवर्णीय आणि आधीपासून कमी गुण असलेल्या विद्यार्थ्यांचे जास्त. आमच्या वर्गातून कोण कोण गळालं ते आठवलं की हे पटतं. आळशी नव्हती हो ती मुलं.

कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेचं तर मला फार लागलं. एका कृष्णवर्णीय मैत्रिणीचा चेहरा परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसेचना. टेबललॅम्प तोंडावर रोखून तिने अख्खा पेपर दिला. तक्रारीला उत्तर आलं, 'खोलीत उजेड वाढवा.'

दुसऱ्या सेमिस्टरच्या मॅडम बुधवारी संध्याकाळी तासभर झूमवर बसायच्या. यायची सक्ती नव्हती, तरी आम्ही बरेच जण जायचो. पहिल्या चाचणीत मागे पडलेल्यांना त्यांनी स्वतःहून फोन केले. फी तीच, कॅनव्हास तेच, पण त्या वर्गातली बहुतेक मुलं शेवटपर्यंत टिकली.

म्हणून प्रवेश घेण्याआधी प्रोफेसर आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष बोलतात का, ते बघा. नोकरी असेल तर आठ आठवड्यांचे कोर्स टाळा. सोळा आठवड्यांचा अभ्यास निम्म्या वेळात उरकावा लागतो. पहिल्याच आठवड्यात काहीतरी सबमिट करा, नाहीतर नाव कमी करतात. आणि लायब्ररीत लॅपटॉप, हॉटस्पॉट मिळतो का ते विचाराच. आमच्याकडे मिळत होता. माझ्या मेक्सिकन मैत्रिणीला ते सेमिस्टर संपताना कळलं.