व्हार्फडेल लिंटन: तानपुऱ्यासाठी घेतलेले स्पीकर

माझ्या आधीच्या स्पीकरांमध्ये दोष म्हणावा असे काही नव्हते. पाच इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा भाग), अरुंद पेटी, नव्या धाटणीचे देखणे रूप. गायकाने घेतलेला श्वास, तबल्याच्या चाटेवर टेकलेले बोट, श्रोत्यांतली एखादी खोकल्याची उबळ, सारे त्यांतून स्वच्छ ऐकू येत असे. तरीही ख्याल लावल्यावर अर्ध्या तासात मी उठून घरातले दुसरे काही काम काढत असे, आणि असे का होते याचा उलगडा मला बरेच दिवस झाला नाही. झाला तो तानपुऱ्यामुळे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातला खर्ज षड्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झवर (सेकंदाला तितकी कंपने) लागतो. लहान पेटीतून त्या तारेचे वरचे अंश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर, व्यवस्थित येतात, मूळ स्वर मात्र पुसट होतो, आणि उरलेली भरपाई कान आपल्या बुद्धीने करून घेतो. त्यामुळे तानपुरा ओळखू येतो, जवारीचा झणकारही येतो, पण त्याखाली भोपळा आहे असे वाटत नाही. असे ऐकण्याने माणूस दमतो, असे माझे मत आहे. मापनाच्या आलेखात ते दिसत नसले तरी.

पुढचा शोध त्यामुळे सोपा झाला. दुकानांतून ऐकवल्या जाणाऱ्या चकचकीत ध्वनिमुद्रणांऐवजी मी स्वतःजवळची एकच मैफल घेऊन जाऊ लागलो आणि गाणे सुरू होण्यापूर्वीची, नुसत्या तानपुऱ्यांची दोन मिनिटे तेवढी ऐकवा, अशी विनंती करू लागलो. विक्रेत्यांना हे विचित्र वाटे. एका ठिकाणी तर गाणे अजून सुरू झालेले नाही असे समजून मला ते पुढे सरकवून देण्यात आले. बीबीसीने ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांमध्ये मावावा म्हणून घडवलेल्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरचे एक अलीकडचे रूपही मी ऐकले. मानवी आवाज इतका सच्चा फार थोड्या पेट्यांतून येतो, हे मान्य करायलाच हवे. पण त्याची संवेदनक्षमता, म्हणजे ठरावीक विजेत निघणारा आवाज, साधारण ८३ डेसिबल असल्याने त्याला ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि खर्जाचे दुखणे तिथेही होतेच.

व्हार्फडेल ही मूळची इंग्लंडमधल्या यॉर्कशरची जुनी पेढी. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ मध्ये इल्कली येथील घराच्या तळघरात पहिला स्पीकर बांधला आणि व्हार्फ नदीच्या खोऱ्याचेच नाव धंद्याला दिले. लिंटन हे नाव त्यांच्या यादीत १९६५ पासूनचे आहे. मी घेतला तो २०१९ मध्ये बाजारात आलेला नवा लिंटन, म्हणजे जुन्या पेटीचे रूप आणि आतले सगळे नवे. उंची ५६.५ सेंटिमीटर, रुंदी ३०, आणि प्रत्येकाचे वजन १८ किलोहून अधिक. तेव्हा याला बुकशेल्फ म्हणणाऱ्यांची पुस्तकांची फळी कसली असेल, याचे मला कुतूहल आहे. याच्याकरिता बनवलेले स्टँड मिळतात आणि त्यांच्या पोकळीत एलपी उभ्या राहतात. दिवाणखान्यातल्या जागेवरून घरात होणारी चर्चा या सोयीमुळे बरीच सौम्य झाली.

या जुनाट आकारामागे कारण आहे. स्वराची लहर पेटीच्या दर्शनी भागाच्या मानाने लांब झाली की ती पेटीला वळसा घालून मागे पसरते आणि ऐकणाऱ्यापर्यंत त्या स्वराचा जोर कमी पोहोचतो. अरुंद पेटीत ही गळती बरीच वर, म्हणजे ऐन गळ्याच्या पट्ट्यात सुरू होते. ती क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वेगवेगळे स्वरपट्टे वाटून देणाऱ्या आतल्या जोडणीत, भरून काढता येते, पण त्यासाठी एकूण संवेदनक्षमता खर्ची पडते. लिंटनची पेटी रुंद असल्याने ही गळती खाली सरकते, आणि आठ इंची वूफरच्या जोडीने ९० डेसिबलची संवेदनक्षमता हाती राहते. ८३ आणि ९० यांतले अंतर म्हणजे तेवढ्याच आवाजाला साधारण पाचपट कमी वॅट. माझ्या पन्नास वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरची कळ त्यामुळे फारशी वर जातच नाही.

दुसरी गोष्ट लिंटनमध्ये वूफरखेरीज मधल्या स्वरांसाठी असलेल्या पाच इंची युनिटची. ते ६३० हर्ट्झपासून २.४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा सांभाळते, आणि ज्या कंपनांमुळे गाण्यातला आकार, म्हणजे ‘आ’चा उच्चार, ‘आ’ वाटतो, ती बहुतांशी याच पट्ट्यात असतात. म्हणजे आलापातला स्वर मुळात वूफरमधून आला, तरी त्याचे ‘आ’पण एकाच युनिटमधून येते. याच कारणाने असेल किंवा नसेल, किशोरी आमोणकरांचा भूप या स्पीकरांवर ऐकताना आकार कुठेही उसवला नाही. आवाज वर चढताना पातळ होत नाही आणि खाली उतरताना जाड होत नाही; गळा एकच आहे आणि तो समोर बसला आहे, हा भास टिकतो. कुमार गंधर्व तानपुरे लावण्याबाबत किती काटेकोर होते, हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. त्यांच्या मैफलीत गाण्याच्या मागे चालू असलेले ते काम मला घरी पहिल्यांदाच सलग ऐकू आले. सारंगी आणि हार्मोनियम एकत्र वाजताना त्यांची सरमिसळ होत नाही. जुन्या, खरखरत्या तीन मिनिटांच्या तबकड्याही बोचत नाहीत, कारण वरच्या पट्ट्यात हा स्पीकर किंचित मवाळ आहे. ज्यांना झांजेची धार हवी, त्यांना हाच मवाळपणा खटकेल. वाद्ये कोणत्या इंचावर बसली आहेत हे दाखवण्यातही लहान, अरुंद स्पीकर याच्यापुढे राहतील.

पहिले दहा दिवस मात्र वाईट गेले, आणि दोष माझ्या खोलीचा होता. कोपऱ्यांत ठेवलेले स्पीकर, खाली गुळगुळीत फरशी, समोर उघडी भिंत. डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला शेपूट फुटत होते आणि विलंबित एकताल म्हणजे गोदामात ढकललेली पिंपे वाटत होती. या स्पीकरांना मागच्या बाजूला हवेची दोन भोके आहेत, त्यामुळे भिंतीशी सलगी त्यांना मानवत नाही. वीतवीतभर पुढे ओढत मी त्यांना भिंतीपासून पाऊण मीटरवर आणले, खाली जाड सतरंजी टाकली, मागे पडदा सोडला. मग डग्ग्यावरची मींड तळहाताच्या दाबासकट कळू लागली. तेवढी जागा सोडता येत नसेल, तर हा स्पीकर घेऊ नये. पुढची जाळी मात्र काढू नये, कारण ती लावूनच ऐकावे अशा बेताने याची रचना आहे.

आता रात्री मी अर्ध्यातून उठत नाही. उलट ध्वनिमुद्रण संपल्यावर तानपुरे थांबतात, तेव्हा खोली क्षणभर रिकामी वाटते. जुने स्पीकर भाच्याने नेले. तो बहुतेक वेळ गिटार ऐकतो, आणि त्याच्या छोट्या खोलीत, भिंतीला टेकलेल्या टेबलावर, ते माझ्याकडे कधी वाजले नव्हते इतके छान वाजतात.