व्हॅन गीसन की मॅसन?

पुण्यात एम.एस्सी. करणाऱ्या भाचीला उंदराच्या ऊतीतले कोलॅजन (ऊतीला आधार देणारं प्रथिन) तंतू दाखवायचेत आणि ऊती रंगवायला रंजक कोणता घ्यावा, व्हॅन गीसन की मॅसन, यावर गाडी अडलीय.

झटपट काम हवं तर व्हॅन गीसन. पिक्रिक आम्ल आणि ॲसिड फुक्सिन एकाच मिश्रणात. पाचेक मिनिटांत कोलॅजन लाल, स्नायू पिवळे. मॅसनचे सोपस्कार फार: फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेल्या ऊतीचे छेद (पातळ काप) आधी गरम बोइन द्रावणात (ऊती टिकवायचं एक मिश्रण) तासभर, मग लाल रंग, फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल, शेवटी ॲनिलिन ब्लू. बाटल्या वाढतात, खर्चही.

पण खरी गंमत काचेवर. बारीक, कोवळे तंतू व्हॅन गीसनमध्ये फिकट राहून निसटतात. मॅसनमध्ये लाल स्नायूंमधली निळी रेघ लगेच नजरेत भरते. टिकण्यातही मॅसनच उजवा. व्हॅन गीसनचा लाल रंग पुढे उतरतो, आणि शेवटी पाण्यात रेंगाळलात तर पिवळाही जातो. (पिक्रिक आम्ल वाळलं की स्फोटक, बाटलीत ओलच ठेवायची.)

प्रॅक्टिकलला, जाड कोलॅजनसाठी व्हॅन गीसन पुरे. यकृतातला फायब्रोसिस (जादा कोलॅजन साचणं) दाखवायचा किंवा प्रबंधात फोटो घालायचे तर मॅसन. धमनीच्या भिंतीतले लवचिक तंतू हवे असतील तर एकटा कुणीच कामाचा नाही. आधी व्हरहॉफ या तिसऱ्या रंजकाने ते काळे करायचे, त्यावर व्हॅन गीसन.